शाळेसाठी पुस्तकं घेताना फाईल कुठे अडकते

मार्च उजाडला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एकच दृश्य दिसतं. हातात पिशवी, पिशवीत कोटेशनं, आणि प्रभारी मुख्याध्यापक विचारतायत, "साहेब, आता काय राहिलं?" राहिलेलं बहुतेक वेळा किरकोळच असतं, पण त्यापायी ग्रंथालयाचे पैसे परत जातात. गेले नाहीत तर घाईत कुणी विक्रेता तयार 'संच' आणून टाकतो. मग पहिलीतल्या पोरांपुढे थोर पुरुषांची बारीक टाइपातली चरित्रं येतात आणि वर्षभर कपाटात पडून राहतात. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगतो आणि जिथे फाईल परत येते तिथे जरा थांबतो.

पैसे कुणाला आणि किती

समग्र शिक्षा योजनेत (२०१८ पासून) शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना दरवर्षी ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. आपल्याकडे यात जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या शाळा येतात. खाजगी अनुदानित शाळा यात बसत नाहीत, त्यांनी हेलपाटे घालू नयेत. केंद्राच्या आराखड्यातली कमाल मर्यादा पहिली ते पाचवीच्या शाळेला ५,००० रुपये आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३,००० रुपये अशी आहे. 'कमाल' हा शब्द नीट वाचा. प्रत्यक्षात किती मिळणार आणि रक्कम मिळणार की थेट पुस्तकंच येणार, हे त्या वर्षीच्या पत्रात असतं. मागच्या वर्षीचं पत्र दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

वर्गातल्या साहित्यासाठी, म्हणजे मणीमाळा, दशकदांडे, अंककार्डं, शब्दपट्ट्या, खेळातल्या नोटा यांसाठी हात जातो संयुक्त शाळा अनुदानाकडे. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,००० अशी वरची मर्यादा. पट यूडायसमधला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीतला धरतात. गगनबावडा किंवा शाहूवाडीतल्या वाडीवरच्या शाळेत एका पोराच्या नोंदीने ३० चे ३१ होतात आणि मर्यादा अडीच पट होते. म्हणून यूडायसची माहिती भरताना कंटाळा करू नका, नंतर रडून उपयोग नसतो.

या अनुदानातला किमान दहा टक्के हिस्सा स्वच्छतेवर घालायचा असतो. वीजबिल, डागडुजी, खडू, रजिस्टरं हे सगळं त्यातूनच निघतं. मणीमाळेची पाळी येईपर्यंत फार काही उरत नाही, हे वर बसलेल्यांना कळत नाही असं नाही. त्यामुळे साहित्याची रक्कम जूनच्या बैठकीतच बाजूला काढून ठरावात लिहून ठेवा. दोन्ही हेडचं, म्हणजे खर्चाच्या दोन्ही शीर्षांचं, एकच बिल करू नका. पुस्तकं आणि दशकदांडे एकाच दुकानातून घेतले तरी बिलं वेगळी पाहिजेत. एकत्र बिलाची फाईल हमखास परत येते.

ठराव: तारीख आणि समिती

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला लागतात. खरेदीचा ठराव याच समितीचा. दोन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, ठरावाची तारीख बिलानंतरची असते. पुस्तकं आधी येतात, बैठक मागाहून 'दाखवली' जाते, आणि घाईत प्रोसिडिंगला (बैठकीच्या इतिवृत्ताला) भलतीच तारीख पडते. क्रम साधा आहे: ठराव, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, मग पुस्तकं आणि बिल. तारखा याच क्रमाने पुढे सरकल्या पाहिजेत.

दुसरं, समितीचीच मुदत संपलेली असते. समिती दोन वर्षांची. मुदत संपली, अध्यक्षाचं मूल सातवी होऊन हायस्कूलला गेलं, तरी सही त्याचीच चालू. कागद तपासताना हे कुणाच्या लक्षात आलं तर सगळे ठराव एका झटक्यात वादात सापडतात. नवी समिती झाली किंवा मुख्याध्यापकांची बदली झाली की बँकेतले सह्यांचे नमुने आणि पीएफएमएसवरची (सरकारी पैसे ऑनलाइन देण्याच्या प्रणालीवरची) नावं लगेच बदलून घ्या. बँकेला त्याला वेळ लागतो आणि मार्चमध्ये तर लागतोच लागतो.

कोटेशन 'संचाचं' नको, यादीचं हवं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तिन्ही कोटेशनांवर लिहिलेलं असतं 'बालवाचनीय पुस्तक संच, नग १००'. तिन्ही बहुधा एकाच हस्ताक्षरात. यात तुलना कशाची करणार? आणि त्या शंभरात काय निघेल याचा नेम नाही.

आधी शिक्षकांनी यादी करावी. त्यात पुस्तकाचं नाव, प्रकाशक, छापील किंमत, प्रती आणि कोणत्या इयत्तेसाठी हे असावं. मग ती यादी तीन विक्रेत्यांना देऊन एकच प्रश्न विचारायचा: छापील किमतीवर किती टक्के सूट आणि पोहोच कधी? तुलनात्मक तक्ता आपोआप तयार होतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. सरासरी किंमत ६० रुपये आणि सूट २० टक्के धरली तर ५,००० रुपयांत शंभरच्या वर पुस्तकं बसतात. म्हणजे शंभराचा आकडा तुमच्या यादीनेही गाठता येतो. त्यासाठी संच लागत नाही.

यादी करायला दुकानात जाऊन पुस्तक हातात घ्यावंच लागतं. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर अर्धा दिवस घालवा, तो वाया जात नाही. पहिली-दुसरीसाठी पानावर एक-दोन ओळी, ठसठशीत अक्षर आणि निम्मी गोष्ट चित्रातून कळेल अशी पुस्तकं निवडा. एखादं पान मोठ्याने वाचून बघा. तुमचीच जीभ अडखळली तर पोरं काय वाचणार? प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४ असा स्तर दिलेला असतो, त्याने काम सोपं होतं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त पडते. ज्योत्स्ना, एकलव्य, तूलिका यांचीही चित्रपुस्तकं बघा. चौथी-पाचवीतही चित्रपुस्तकं लागतात. त्या वयाला 'मोठ्यांची' पुस्तकंच हवीत, हा आपला गैरसमज आहे. प्रत्येकाची एकेक प्रत घेण्यापेक्षा चार-पाच आवडत्या पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घेतल्या तर गटाने वाचता येतं.

आपल्या पटावर कोण आहे तेही बघा. गडहिंग्लजच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची हिंदी-तेलुगू बोलणारी आहेत. शिरोळ, कागल, करवीरमध्ये दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातली पोरं वर्गात येऊन बसतात आणि हंगाम संपला की जातात. यांच्यासाठी शब्द नसलेली चित्रपुस्तकं आणि द्विभाषिक पुस्तकं यादीत असू द्यात. तपासणीला आलेले एखादे साहेब "यात काही लिहिलेलंच नाही, हे कसलं पुस्तक?" असं म्हणतीलच. यादीच्या शेऱ्यात 'बोलणं व गोष्ट रचण्यासाठी' असं आधीच लिहून ठेवा, म्हणजे तिथल्या तिथे उत्तर होतं.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, परवाना खुला आहे. लेखक-चित्रकारांची नावं मात्र राहू द्यायची. पण छापून घेतल्यावर हाती बिल येतं ते छपाईचं. ते ग्रंथालयाच्या हेडला टाकण्याआधी गटसाधन केंद्राला लेखी विचारा. तोंडी 'चालतंय की' हे लेखापरीक्षणात कुणाला आठवत नाही.

बिलावरचा जीएसटी नंबर, जो अनेकांकडे नसतोच

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. जो विक्रेता फक्त करमुक्त माल विकतो त्याला २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २३ नुसार नोंदणी करावीच लागत नाही. तरीही 'बिलावर जीएसटी नंबर नाही' म्हणून फायली परत येतात आणि मास्तर बिचारे दुसरं दुकान शोधत बसतात. अशा वेळी विक्रेत्याकडून एका ओळीचं पत्र घ्या: आम्ही फक्त करमुक्त पुस्तकं विकतो, नोंदणी लागू नाही. सोबत पॅनची प्रत जोडा. दुकानात स्टेशनरीही असेल आणि नोंदणी असेल तर पुस्तकांसाठी तो 'बिल ऑफ सप्लाय' देईल. त्यावर कर शून्य दिसतो आणि ते बरोबर आहे.

पैसे पीएफएमएसमधून थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात. स्वतःच्या खिशातून भरून मागाहून काढून घेऊ, या भरवशावर राहू नका. दुकानाचं नाव एक आणि बँक खातं मालकाच्या नावावर, असं सर्रास असतं. रद्द केलेला चेक कोटेशनच्या वेळीच मागा आणि नाव ताडून बघा. पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा छापील देयक आदेश, काढला की त्यावरची मुदत वाचा, ती उलटली तर सगळं परत करावं लागतं. आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा शून्य होते. 'खात्यात शिल्लक राहील, एप्रिलमध्ये बघू' हे जुन्या पासबुकाच्या काळातलं गणित झालं. आता शाळेच्या खात्यात पैसे नसतात, फक्त खर्चाची परवानगी असते. एप्रिलमध्ये बघायला काही उरत नाही.

पुस्तकं आल्यावर

पुस्तकाची नोंद ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत, प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक. दशकदांडे, नकाशे डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत. खडू-कागद खर्ची साठ्यात. बिलाच्या मागे 'नोंदवही पान क्र., अनुक्रमांक' लिहून सही. उपयोगिता प्रमाणपत्र त्यावरूनच करा, आधी कोरं सही करून देऊ नका.

मग ही पुस्तकं कपाटाबाहेर काढा. हरवलं तर पगारातून वसुली होईल, या धास्तीने कुलूप लागतं, हे खरं आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाला वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरलंय. अट एवढीच की निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसावा, आणि हजार रुपयांवरचं पुस्तक हरवलं तर चौकशी करावी. देवघेव वही रोजची रोज भरलेली असेल तर सांगायला आधार राहतो. वहीच नसेल तर मात्र कुणी मदतीला येणार नाही.

शेवटचा गुंता आपल्या जिल्ह्याचा खास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगा-कृष्णाकाठच्या शाळांची भिजलेली पुस्तकं लगदा होऊन गेली, पण काही नोंदवह्यांत ती अजून जिवंत आहेत. लेखापरीक्षक मोजायला बसले की तूट दिसते. निर्लेखनाला, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करायला, पंचनामा मागतात आणि तो सापडत नाही, कारण पंचनामा झाला तो घरांचा आणि पिकांचा. अशा शाळांनी दाखल क्रमांकांसह यादी, समितीचा ठराव, शाळा पुरात होती असा ग्रामपंचायतीचा दाखला आणि असतील ते फोटो जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यावा. पूर ओसरल्यावर भेट देऊन गेलेल्या केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात काही लिहिलं असेल तर त्या पानाची झेरॉक्स नक्की लावा, त्यावर त्या दिवसाची तारीख असते. मंजुरी आली की नोंदीसमोर लाल शाईने आदेश क्रमांक टाका. तो जुना दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला देऊ नका, क्रम पुढेच चालू ठेवा.