भिंतीवरचा टीव्ही : वजनापेक्षा अंतराचा भार

जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर टीव्ही बसवताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या वजनाकडे असते. परंतु ते वजन भिंतीपासून किती अंतरावर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. समजा टीव्ही ३० किलोचा आहे, त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर आहे आणि ब्रॅकेटचे वरचे स्क्रू ब्रॅकेटच्याच खालच्या कडेपासून २० सेंटिमीटर उंचीवर आहेत. खालची कड टेकू धरली, तर तरफेच्या नियमाने वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारी ओढ सुमारे साडेसात किलो वजनाइतकी येते. तोच टीव्ही पुढे सरकणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर लावून ५० सेंटिमीटर बाहेर ओढला, की ही ओढ दसपट, म्हणजे ७५ किलो होते, आणि यात ब्रॅकेटचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही.

अशी ओढ सोसणे हा जिप्समचा स्वभाव नव्हे. कागदाच्या दोन थरांमध्ये बसवलेले हे खनिज, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट, दाबाला बऱ्यापैकी टिकते; ताणाखाली मात्र ते ठिसूळ असते. सुमारे साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डात स्क्रूच्या आट्यांना धरायला फारसे काही नसते. बोर्डामागे उघडणारा टॉगल बोल्ट भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो खरा, पण अखेर पकड बोर्डाचीच राहते. प्लास्टिकचा साधा प्लग तसबिरीसाठी ठीक; टीव्हीसाठी त्याचा विचारही करू नये.

म्हणून भार बोर्डामागच्या उभ्या खांबांवर, म्हणजे स्टडवर, द्यावा. ते साधारणपणे ४०० किंवा ६०० मिलिमीटर अंतरावर असतात, आणि बोर्ड ठोकलेल्या स्क्रूंवर चिकटणारा साधा चुंबकही त्यांची रेघ दाखवतो. लाकडी स्टडच्या बरोबर मध्यावर, स्क्रूपेक्षा किंचित बारीक छिद्र आधी पाडावे. अन्यथा लाकूड चिरण्याचा धोका असतो. धातूचा स्टड अनेकदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड पत्र्याचा असल्याने त्यात लाकडाचा स्क्रू निरुपयोगी ठरतो; तेथे पत्र्यातून आरपार जाणारा टॉगल बोल्ट वापरतात.

ब्रॅकेटची छिद्रे स्टडशी जुळत नसतील, तर दोन स्टडना जोडणारी जाड प्लायवुडची फळी आधी स्क्रूने पक्की करावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर बसवावे. ड्रिल चालवण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा, कारण प्लगपॉइंटच्या वर किंवा खाली विजेच्या तारा बहुधा स्टडलगतच उभ्या गेलेल्या असतात.