बेइ (चिनी लिपीतली कवडी)

बेइ हे जुन्या चिनी लिपीतलं एक चिन्ह, मूळ अर्थ कवडी. आत्ताचं पारंपरिक रूप बघून कवडी काही आठवत नाही, उभा डबा, आत दोन आडव्या रेघा आणि खाली दोन पाय, एकूण ७ फटकारे. पण शांग राजवटीत (साधारण इ.स.पू. १६०० ते १०४६) कासवाच्या कवचावर नि बैलाच्या हाडांवर शकुन बघायला जे कोरायचे, त्यात हेच चिन्ह बघितलं तर फटीच्या बाजूने धरलेल्या कवडीचं चक्क चित्र आहे.

आपल्याकडे कवडीमोल म्हणजे फुकटात गेलेलं, तिकडे नेमकं उलटं. शांगांची शेवटची राजधानी आन्यांगजवळ, समुद्र लांब, त्यामुळे कवडी म्हणजे मोठी चीज. १९७६ साली तिथे फू हाओ या राणीची कबर सापडली, त्यात जवळपास ६,९०० कवड्या होत्या! राजाने कवड्यांच्या माळा बक्षीस दिल्या म्हणून हे भांडं ओतवलं, असे लेख तेव्हाच्या काशाच्या भांड्यांवर आहेत. आता ते खरं चलन होतं की नुसता मान, यावर अभ्यासक अजून भांडतात. माळांच्या मापाला पंग म्हणायचे, त्याचं चिन्ह म्हणजे लोंबणाऱ्या दोन माळा, आणि तेच पुढे उसनं घेऊन 'मित्र' लिहायला वापरलं.

इ.स. १०० च्या सुमारास शू शन याने आपल्या शब्दकोशात लिहून ठेवलंय की पूर्वी कवड्या धन म्हणून चालायच्या, छिन राजवटीत त्या बंद होऊन नाणी आली. कवडी बाजारातून गेली पण लिपीतून गेली नाही, महाग, गरीब, हावरट, जुगार, पैशाशी संबंध आला की चिन्हात ती बहुधा असते. गरीब लिहायचं तर वर 'वाटणे' आणि खाली कवडी, म्हणजे वाटण्या होऊन हातात काय उरणार. विकत घेणे म्हणजे जाळं आणि त्याखाली कवडी.

मात्र दिसली की कवडीच असं धरून चालू नका, 'नियम' या अर्थाच्या चिन्हातली कवडी मुळात तीन पायांचं भांडं होतं, लिहून लिहून तशी झाली. १९५६ नंतरच्या सोप्या लिपीत बेइचे ४ फटकारे झाले आणि खरेदी, विक्री, खजिना यांतून तर कवडी पार उडाली. लाडाने कुणाला 'बाओबेइ' म्हणतात त्यात मात्र ती अजून आहे, शब्दशः खजिना-कवडी, आपलं 'सोन्या' तसंच.