मोटार मेकॅनिक व्हायचंय? खान्देशातल्या मुलांसाठी आयटीआय प्रवेशाची माहिती

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात. गॅरेजांना इथे काम कमी नाही. पण वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं पाने धुणाऱ्या पोराकडे कागद नसला, तर एसटी किंवा कंपनीच्या वर्कशॉपचं दार बंदच राहतं. म्हणून दहावीनंतर आधी आयटीआयचा अर्ज भरा, गॅरेज सुट्टीत शिका.

पात्रता: दहावी पास, वय किमान 14 वर्षं. मेकॅनिक मोटार व्हेइकल हा ट्रेड 2 वर्षांचा, मेकॅनिक डिझेल 1 वर्षाचा. घाई नसेल तर 2 वर्षांचाच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. त्यानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट मोकळी राहते. दहावी नापास असाल तर हे दोन्ही ट्रेड मिळत नाहीत. वेल्डरचा विचार करा, बॉडीच्या कामात तोही चालतो.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. मोबाइल नंबर घरचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे मेसेज त्यावरच येतात. मग मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या आयटीआयत अर्ज निश्चित करून घ्यायचा. एवढं झाल्यावर विकल्प भरायचे, म्हणजे कोणत्या आयटीआयत कोणता ट्रेड हवा ते पसंतीच्या क्रमाने लिहायचं. इथे घोळ होतो. पहिल्या पसंतीची जागा लागली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे जिथे खरंच जाणार, तेच वर लिहा. शहाद्याच्या मुलाने रोज जळगावला जाणं जमणार आहे का, हे घरात बसून आधी ठरवा.

कागदपत्रं: दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, आरक्षण हवं असेल तर जातीचा दाखला, ओबीसींना सोबत नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, तारीख तपासा. शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव ‘राजेंद्र’ आणि आधारवर ‘राजू’ असेल तर निकालाची वाट न बघता आत्ताच दुरुस्त करा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

आयटीआय झाल्यावर केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. एसटी महामंडळाच्या विभागीय कार्यशाळांत मोटार मेकॅनिक शिकाऊ उमेदवार घेतात. जाहिरात निघाली की मुदत थोडीच असते.