फ्रान्सची सेंद्रिय वाइन : बाटली घेण्याआधी

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही आणि सल्फाइटही (वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग) नाही, असे समजून बाटली उचलू नका. दोन्ही असतात. फरक कशाची आणि किती, एवढाच.

फ्रान्सच्या बोर्डो भागात मे-जूनला पाऊस लागून राहिला की द्राक्षावर केवडा हा बुरशीरोग येतो, नाशिकला येतो तोच. सेंद्रिय बागेत आंतरप्रवाही (वेलीच्या आत मुरणारी) औषधे चालत नाहीत. सगळी मदार मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणावर. नावही त्याच भागावरून पडलेले. मोरचुदातले तांबे पानाच्या वरच राहते. जोराची सर आली की धुऊन जाते, पुन्हा पंप पाठीवर. बुरशी पानात शिरल्यावर तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय तांबे मातीत साठते, म्हणून युरोपीय नियमाने हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा घातली आहे. फार पावसाच्या वर्षी ही मर्यादा सांभाळताना पीक हातचे जाते. किंमत चढी असण्याचे हे एक खरे कारण.

कोरड्या (गोड नसलेल्या) सेंद्रिय रेडमध्ये सल्फाइट लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, व्हाइट आणि रोझेत (गुलाबी वाइन) १५०; साध्या वाइनला १५० आणि २००. आंबवताना यीस्टही थोडे तयार करतेच.

बायोडायनॅमिक हा सेंद्रिय शेतीचाच एक पंथ. त्याचे बागायतदार सेंद्रिय नियम पाळून आणखी एक गोष्ट करतात. गाईच्या शिंगात ताजे शेण भरून हिवाळाभर पुरायचे. आपल्याकडचे बीडी ५०० (शिंगखत) हेच. हेक्टरी साधारण १०० ग्रॅम, ३०-३५ लिटर कोमट पाण्यात तासभर घुसळायचे. खोल भोवरा झाला की उलट दिशेने. संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचे. याने चव सुधारते असा पुरावा नाही. रोज वेलीपाशी जाणाऱ्याची बाग मात्र चांगली असते, असे आमचे मत.

लेबलवर हिरवे पान (युरोपचे सेंद्रिय चिन्ह) आणि 'एफआर-बायो' पुढे प्रमाणन संस्थेचा क्रमांक बघा. २०१२च्या आधीच्या हंगामाच्या बाटलीवर 'सेंद्रिय द्राक्षांची वाइन' एवढेच सापडेल, कारण तळघरातल्या कामाचे, म्हणजे वाइन बनवण्याचे, युरोपीय सेंद्रिय नियम तेव्हा नव्हते. बायोडायनॅमिकला डिमिटर किंवा बायोडिव्हॅं या प्रमाणन संस्थेचे चिन्ह लागते.

कमी सल्फाइटची बाटली उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बूच काचेच्या कडेवर आलेले दिसले तर ती तापली आहे, घेऊ नका. गाळ असेल तर आदल्या दिवशी उभी ठेवा. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.