'एआय बंद करा' असं शास्त्रज्ञ म्हणाले होते का?
सांगलीत, अगदी हळदीच्या सौद्यांच्या ग्रुपवरसुद्धा, एक मेसेज अधूनमधून फिरतो: '२०२३ मध्ये बड्या शास्त्रज्ञांनी एआय बंद करायला सांगितलं होतं. सुरक्षा म्हणजे प्रगतीला खीळच.'

या मेसेजमागं आहे मार्च २०२३ चं एक जाहीर पत्र. ते फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या तंत्रज्ञानाच्या धोक्यांवर काम करणाऱ्या संस्थेचं. मुख्य मागणी अशी, की जीपीटी-४ (ओपनएआय कंपनीचं तेव्हाचं नवं एआय मॉडेल) पेक्षा ताकदवान मॉडेलचं प्रशिक्षण किमान ६ महिने थांबवा आणि आहेत ती मॉडेलं अचूक, सुरक्षित करा. सगळं एआय बंद करा, असं त्यात नाही. थांबलं मात्र कुणीच नाही. सही करणाऱ्या इलॉन मस्क यांनी तर त्याच जुलैत स्वतःची एआय कंपनी जाहीर केली!

खीळ घालण्याची गोष्ट जास्त फसवी. यंत्रानं माणसाच्या मनाजोगं वागावं म्हणून २०१७ मध्ये ओपनएआय आणि डीपमाइंड या एआय कंपन्यांच्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. माणसाला दोन छोट्या क्लिप दाखवायच्या, बरी कुठली ते विचारायचं. अशा सुमारे ९०० उत्तरांवर एक आभासी रोबो कोलांटउडी शिकला. पुढं याच धर्तीवर चॅटजीपीटी घडलं. म्हणजे सुरक्षेच्या कामानं इथं वेगच वाढवला. 'आधी सुरक्षा, मग ताकद' म्हणणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे, कारण कुठलं काम सुरक्षेच्या खात्यात धरायचं आणि कुठलं ताकदीच्या, हे आधी कळत नाही.