बटण आपलं, प्रोग्राम दुसऱ्याचा

डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहायला शिकणाऱ्याला एक मोह हमखास होतो. छोटी विंडो करायची, तिच्यावर चार बटणं मांडायची आणि एकेका बटणाला बाहेरचा एकेक प्रोग्राम जोडून द्यायचा. बटणं नीट रांगेत बसवायला जेवढा वेळ जातो तेवढाही प्रोग्राम सुरू करायला जात नाही. तो कोड बहुतेक भाषांमध्ये एका ओळीचा असतो.

मीही असं एक ॲप्लिकेशन केलं होतं. पहिल्या बटणावर कॅल्क्युलेटर, दुसऱ्यावर नोटपॅड, तिसऱ्यावर चित्रं पाहायचा एक प्रोग्राम. चौथं बटण जरा हौसेचं होतं. निवडलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी करणारी कमांड ते चालवायचं आणि तिचं उत्तर माझ्याच विंडोत दाखवायचं. माझ्याकडे चारही बटणं चालली. मित्राच्या कॉम्प्युटरवर पहिली दोन चालली, तिसरं दाबल्यावर काहीच झालं नाही, आणि चौथ्याने माझी विंडोच गोठवून टाकली. कोड तोच होता, त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता.

बिघडलेल्या दोन बटणांकडे वळण्याआधी चाललेली दोन का चालली ते पाहू. प्रोग्राम म्हणजे डिस्कवर पडून असलेली फाइल. ती चालू लागली की तिला प्रोसेस म्हणतात. नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांच्यात जो फरक, तोच इथे. एकाच संहितेचे एकाच वेळी तीन प्रयोग लागू शकतात, म्हणून नोटपॅडच्या तीन विंडो एकमेकींच्या आड न येता उघडतात. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची वेगळी मेमरी मिळते आणि परवानगीशिवाय दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. त्यामुळे 'माझ्या प्रोग्रामने कॅल्क्युलेटर सुरू केला' हे बोलायला ठीक आहे, पण खरं नाही. माझा प्रोग्राम फक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो. फाइल शोधणं, मेमरी देणं, नवी प्रोसेस उभी करणं हे सगळं सिस्टिम करते. अर्जात नुसतं नाव असलं तर ती काही ठरलेले फोल्डर धुंडाळते. कॅल्क्युलेटर आणि नोटपॅड या सिस्टिमसोबतच येणाऱ्या गोष्टी, त्या सापडल्या.

हा अर्ज कसा असावा याबद्दल कॉम्प्युटरच्या जगात दोन घराणी आहेत. विंडोजचा अर्ज लांबलचक. 1993 साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या 'क्रिएट-प्रोसेस' या फंक्शनला दहा रकाने आहेत: कुठला प्रोग्राम, कुठल्या फोल्डरमधून, कोणते हक्क, विंडो कशी दिसावी, असं सगळं एकदम भरून द्यायचं. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची रीत मात्र पहिल्यांदा ऐकताना वेडगळ वाटते. तिथे प्रोसेस आधी स्वतःची हुबेहूब नक्कल करते. याला फोर्क म्हणतात, म्हणजे रस्त्याला फाटा फुटावा तसं. फोर्क एकदा बोलावलं की दोनदा परतून येतं: मूळ प्रोसेसमध्ये नव्या पोराचा, म्हणजे नकलेचा, क्रमांक घेऊन, आणि पोरामध्ये शून्य घेऊन. ज्याच्या हाती शून्य आलं त्याने ओळखायचं की आपण नक्कल आहोत. मग ती नक्कल स्वतःच्या मेमरीत दुसराच प्रोग्राम भरून घेते आणि नवं रूप धारण करते. या दुसऱ्या पायरीचं नाव एक्झेक. आता लगेच टाकूनच द्यायची तर एवढी मेमरी आधी कॉपी कशाला करायची, हा प्रश्न रास्त आहे. आजच्या सिस्टिम ती खरोखर कॉपी करत नाहीतच. दोघं एकच मेमरी वाटून घेतात आणि कोणी त्यात काही बदलायला गेलं तर तेवढ्याच भागाची प्रत काढली जाते.

फोर्कची कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एका जुन्या सिस्टिममध्ये आधीपासून होती. 1970 च्या आसपास बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती पीडीपी-7 या लहानशा मशीनवरच्या युनिक्समध्ये आणली. रिचींनी पुढे लिहून ठेवलंय, की त्या मशीनवर फोर्कला असेंब्ली भाषेच्या नेमक्या 27 ओळी लागल्या. मला त्यांची त्यापुढची हकीकत जास्त आवडते. फोर्क आलं, सगळं छान चाललं, आणि फोल्डर बदलण्याची कमांड एकाएकी बंद पडली. कमांड द्यावी, तक्रार काही येऊ नये, पण आपण होतो त्याच फोल्डरमध्ये. बराच वेळ कोड वाचण्यात गेला, मग उलगडा झाला. आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. त्याआधी कमांड शेलच्याच जागी, त्याच प्रोसेसमध्ये चालायची. आता प्रत्येक कमांडसाठी नवं पोर जन्माला येत होतं. पोर इमानाने स्वतःचा फोल्डर बदलायचं आणि पुढच्याच क्षणी संपायचं. मागे राहिलेल्या शेलचा फोल्डर जिथला तिथे. शेवटी ती कमांड शेलच्या पोटातच घालावी लागली, आणि ती आजही तिथेच आहे.

या फजितीत बाहेरचा प्रोग्राम सुरू करण्याचं सगळं मर्म आलं आहे. नव्या प्रोसेसला जन्मदात्याकडून वारसा मिळतो, पण तो प्रतीच्या रूपात. चालू फोल्डर, वापरकर्त्याचे हक्क, 'एन्व्हायर्न्मेंट' नावाची नाव-किंमत अशा जोड्यांची यादी, हे सारं तिच्याकडे न मागता जातं. तिने त्यात काहीही बदल केले तरी ते उलट दिशेने परत येत नाहीत. कोडच्या त्या एका ओळीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. एखादा प्रोग्राम आयकॉनवर डबल-क्लिक केल्यावर चालतो आणि आपल्या बटणावरून उघडला की 'सेटिंगची फाइल मिळाली नाही' म्हणून रडतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा चूक फोल्डरची असते (आकडा माझ्या अंदाजाचा, मोजलेला नाही). शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्ट इन' नावाचा रकाना असतो, सहसा कोणी त्याकडे पाहत नाही. डबल-क्लिक करताना तो भरलेला असतो. आपल्या बटणातून मात्र पोराला आपलाच फोल्डर मिळतो, आणि त्याची फाइल तिथे नसते.

वारसा किती महाग पडू शकतो हे 2014 च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. बॅश हे युनिक्सच्या वळणाच्या लिनक्सवरचं सर्वात प्रचलित शेल. वारशाने आलेल्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये विशिष्ट आकाराचा मजकूर दिसला, तर ते त्याच्या शेपटाला जोडलेली कमांडही चालवून टाकायचं. बाहेरून आलेला मजकूर एन्व्हायर्न्मेंटमध्ये घालून बॅश सुरू करणारे वेब सर्व्हर जगभर होते, म्हणजे त्यांच्यावर कोणाही परक्याला हवी ती कमांड चालवता येत होती. 'शेलशॉक' नावाने गाजलेली ही चूक तोवर सुमारे 25 वर्षं कोणाच्या नजरेत आली नव्हती.

आता माझं तिसरं बटण. चित्रांच्या प्रोग्रामचा माझ्या कॉम्प्युटरवरचा पूर्ण पत्ता मी कोडमध्ये जसाच्या तसा लिहिला होता. मित्राने तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये बसवला होता. सिस्टिमने अर्ज नाकारला, कारणही कळवलं: एरर क्रमांक 2, फाइल सापडली नाही. ते कारण मी वाचलंच नव्हतं. प्रोग्राम सुरू होणारच, अशा भरवशावर लिहिलेला कोड अपयश आलं की मूग गिळून बसतो.

पत्त्याचीच आणखी एक गंमत आहे. विंडोजमधले बहुतेक प्रोग्राम सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्ये राहतात, आणि त्या नावात मोकळी जागा आहे. अवतरणचिन्हं न घालता हा पत्ता कमांड म्हणून दिला, तर नाव कुठे संपलं आणि पुढची माहिती कुठे सुरू झाली हे सिस्टिमला कळत नाही. मग ती अंदाज बांधते. आधी सी ड्राइव्हवर 'प्रोग्राम' नावाचीच फाइल आहे का पाहते, नसेल तर पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत वाचते. कोणी तिथे मुद्दाम त्या नावाची फाइल ठेवली तर भलताच प्रोग्राम चालेल. विंडोज एक्सपी असं नाव दिसलं की 'ते बदला' अशी सूचनाही द्यायचं.

तिसऱ्या बटणावर खरा उपाय मात्र वेगळाच होता. मला तो विशिष्ट प्रोग्राम हवा होता का? नाही, मला चित्र उघडायला हवं होतं. त्यासाठी विंडोजमध्ये 'शेल-एक्झिक्यूट' आहे, मॅकवर 'ओपन', लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'एक्सडीजी-ओपन'. आपण फाइल द्यायची. ती कशात उघडायची हे वापरकर्त्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. साध्या ॲप्लिकेशनमध्ये बहुतेक वेळा हेच हवं असतं, आणि तरी आपण प्रोग्रामचे पत्ते लिहीत बसतो. या शेल-एक्झिक्यूटची एक मजेशीर खूण: काम झालं तर ते 32 पेक्षा मोठा आकडा परत करतं. बत्तीसच का, तर सोळा-बिटच्या विंडोजमध्ये तशी रीत होती आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती ठेवली. त्या मोठ्या आकड्याला दुसरा काहीही अर्थ नाही.

चौथ्या बटणाने मला दोन रात्री जागवलं. कमांडचं उत्तर आपल्या विंडोत आणायचं तर दोन प्रोसेसमध्ये पाइप जोडावा लागतो. एका टोकातून पोर लिहितं, दुसऱ्या टोकाला आपण वाचतो. बागेतल्या नळीसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत, असं बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच लिहून ठेवलं होतं. युनिक्समध्ये पाइप आला तो 1973 साली. मी पाइप जोडला, कमांड सुरू केली, ती संपेपर्यंत थांबलो आणि मग उत्तर वाचलं. क्रम किती साहजिक वाटतो!

पण पाइपमध्ये मावतं ते मोजकंच. लिनक्सवर सहसा 64 किलोबाइट, इतरत्र आकडा वेगळा. पाइप भरला की लिहिणाऱ्याला थांबवून ठेवलं जातं, कोणी वाचून जागा मोकळी करेपर्यंत. माझ्या फोल्डरमध्ये चाळीसेक फाइली होत्या, यादी पाइपमध्ये आरामात मावली. मित्राच्या फोल्डरमध्ये हजारो होत्या. कमांडने पाइप भरला आणि मी वाचण्याची वाट पाहत ती थांबली. मी ती संपण्याची वाट पाहत थांबलो. दोघंही 'पहले आप' म्हणत कायमचे दारात उभे. अशा कोंडीत कुठलाही एरर येत नाही, कारण नियमाप्रमाणे दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसतं.

माझी विंडोही गोठली याचं कारण आणखी एक. डेस्कटॉप ॲप्लिकेशन मुळात एक न संपणारा फेरा असतो: सिस्टिमकडून आलेला निरोप उचल, त्याप्रमाणे वाग, पुढचा उचल. माऊस हलला, बटण दाबलं, विंडो पुन्हा रंगवायची, हे सगळे निरोपच. बटणाच्या कोडमध्ये आपण वाट पाहत बसलो की हा फेरा तिथेच अडतो. विंडोज साधारण पाच सेकंद धीर धरतं आणि मग मथळ्यात 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळं होतं. यावर उपाय ठरलेला आहे. पाइप दुसऱ्या थ्रेडमधून (म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या दुसऱ्या धाग्यातून), कमांड चालू असतानाच वाचत राहायचा, आणि ती संपल्याची खबर फेऱ्यातल्या आणखी एका निरोपासारखी येऊ द्यायची.

संपल्याची खबर म्हणजे एक आकडा असतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड, कारण यश एकाच प्रकारचं असतं आणि अपयशाला नाना तऱ्हा. पण त्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये. बरेच ब्राउझर आधीपासून उघडे असले, तर नवी प्रोसेस आपण दिलेला वेबपानाचा पत्ता जुन्या विंडोकडे सोपवून लगेच संपते. आपण समजतो, वापरकर्त्याचं वाचून झालं, त्याने विंडो बंद केली. प्रत्यक्षात पान नुकतंच उघडत असतं.

आणि आपली विंडो बंद केली तर? आपण सुरू केलेला कॅल्क्युलेटर तसाच चालू राहतो, त्याला आपल्या जाण्याचं काही वाटत नाही. युनिक्समध्ये पोरक्या प्रोसेसला सहसा क्रमांक एकची प्रोसेस दत्तक घेते, म्हणजे ती संपल्यावर तिचा निकालाचा आकडा वाचायला कोणीतरी असतं. आपण हयात असून तो आकडा वाचला नाही, तर मेलेली प्रोसेस यादीत अडकून राहते. तिला झाँबी म्हणतात. मित्राकडे चौथं बटण गोठल्यावर आम्ही माझं ॲप्लिकेशन जबरदस्तीने बंद केलं. पाइपचं वाचायचं टोक त्याबरोबर नाहीसं झालं, अडकलेल्या कमांडला लिहायला जागाच उरली नाही, आणि तीही लगोलग संपली.