दुबईहून लवकर, दुबईला उशिरा

शेजारचा मुलगा शिमग्याला दुबईहून आला. पडवीत चहा घेताना म्हणाला, "काका, मुंबईला येताना विमान पावणेतीन तासांत उतरतं, जाताना सव्वातीन लागतात. पृथ्वी फिरते ना, म्हणून." दोन्हीकडच्या घड्याळांतला दीड तास त्याने वजा केला होता, हे कौतुकाचं. कारण मात्र चुकलं.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते. कोकणच्या अक्षांशावर तो वेग ताशी 1600 किलोमीटरच्या आसपास. विमानाचा जेमतेम 850. विमान सुटल्यावर पृथ्वी खालून सरकत असती तर मुंबई पुढे पळाली असती आणि विमानाला ती कधीच गाठता आली नसती! रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीवर अर्धा सेकंद उडी मारणारा सव्वादोनशे मीटर पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्रात पडला असता. तसं होत नाही, कारण आपण, हवा आणि विमान आधीपासूनच पृथ्वीबरोबर फिरत असतो. उडी मारणारा मागे पडत नाही, यावरूनच 'पृथ्वी स्थिर आहे' म्हणणारे व्हिडिओ ग्रुपवर येतात. ते पाठवणाऱ्यांनी धावत्या कोकणकन्येत चेंडू वर उडवून बघावा. हातातच पडतो.

अर्ध्या तासाचा फरक पाडतो तो वारा. थंडीत साधारण 25 ते 30 अंश उत्तरेला, 10-12 किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. दुबई 25 अंशांवर आहे, म्हणून येताना हा झोत पाठीशी असतो, जाताना समोर.

आणि गंमत म्हणजे या झोतामागे पृथ्वीचं फिरणं आहेच. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते आणि उत्तरेकडे सरकते. विषुववृत्तावर तिचा पूर्वेकडचा वेग ताशी 1670 किलोमीटर असतो. उत्तरेला जावं तसं पृथ्वीच्या आसापासूनचं अंतर घटतं. फुगडीत हात आखडून जवळ आलं की गरका वाढतो, तसा हवेचा वेग वाढतो. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार, अक्षय्य राहतो, दुसरं काही नाही. 30 अंशांवरची जमीन मात्र 1450 नेच फिरते. म्हणून हवा जमिनीच्या पुढे पळते, आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला तो पश्चिमेचा वारा वाटतो. कागदावर हा फरक पावणेपाचशेच्या वर निघतो. हवेतली घुसळण त्यातला बराचसा खाऊन टाकते.

"मग येताना वाचलेलं जाताना फिटलं," मुलगा म्हणाला. फिटत नाही. खाडीत ताशी 6 किलोमीटरने जाणारी होडी घ्या, ओढ 2 ची, पल्ला 4 किलोमीटरचा. ओढीबरोबर अर्धा तास, उलट एक तास, मिळून 90 मिनिटं. पाणी स्थिर असतं तर 80 लागली असती. उलटी ओढ जास्त वेळ सोसावी लागते, म्हणून नुकसानच.

पावसाळ्यात हा झोत उत्तरेला हिमालयापलीकडे सरकतो. तेव्हा कोकणावर खाली नैऋत्येचा वारा आणि 14-15 किलोमीटरवर चक्क पूर्वेकडून वाहणारा जेट असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये त्यावर लिहिलं. मुलाला सांगितलंय, गणपतीला येताना आणि परतताना पुन्हा मोज, पण तिकिटावरची वेळ धरू नकोस. तिच्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणंही असतं. चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत मोज.